गावे मोजलीत, आता मजुरी मोजा!

सीमाभागातल्या कार्यकर्त्याला झोपेतून उठवून इतिहास विचारा, तो तीन तारखा धडाधड म्हणून दाखवील. १७ जानेवारी १९५६, बेळगावातला गोळीबार आणि हुतात्मे. १ नोव्हेंबर १९५६, मराठी मुलूख म्हैसूर राज्यात कोंबला गेला तो काळा दिवस. १ जून १९८६, कन्नड सक्तीविरुद्धचा लढा आणि पुन्हा गोळ्या. तिन्ही तारखा खऱ्या आहेत, रक्ताच्या आहेत, आणि त्यांच्यापुढे आमची मान लवते. पण त्याच कार्यकर्त्याला ६ एप्रिल १९८१ला काय झाले ते विचारा. शेतकरी संघटनेची जुनी माणसे सोडली, तर बहुतेक चेहरे कोरे राहतील. हा कोरेपणा आम्हाला संताप आणतो!

त्या दिवशी निपाणीत पोलिसांच्या गोळ्यांनी बारा शेतकरी मारले. १४ मार्चपासून तंबाखू पिकवणारे पुणे–बंगळूर हमरस्त्यावर ठाण मांडून होते. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आणि निपाणीचे सुभाष जोशी त्यांच्या पुढे होते. रस्त्यावरच आंदोलननगर उभे राहिले. मागणी साधी होती : तंबाखूला भाव द्या. त्या नगरात मराठी बोलणारा शेतकरी होता, कन्नड बोलणाराही होता, आणि तंबाखूच्या वखारीच्या अंधारातून बाहेर पडून संघटित झालेल्या बायांची साथही होती. कर्नाटकातल्या गुंडुराव सरकारला भाषेची भांडणे हाताळता येत होती. भावाचे भांडण त्याला झेपले नाही. म्हणून त्याने बंदूक चालवली. सीमाभागाच्या साऱ्या इतिहासात सामान्य माणसाने स्वतःच्या पोटाचा प्रश्न स्वतःच मांडल्याचा एवढा मोठा प्रसंग दुसरा नाही. आणि तोच आम्ही विसरून बसलो आहोत!

मुळात तंबाखूचा शेतकरी व्यापाऱ्याच्या मुठीत गेला कसा? त्याचे एक उत्तर युरोपातल्या रणांगणावर आहे. दुसऱ्या महायुद्धाचा खर्च भागवायला इंग्रज सरकारने १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसवला. हिटलर कोण हे ज्याच्या बापाला ठाऊक नव्हते, त्या शेतकऱ्याच्या दारात एक्साइजचा इन्स्पेक्टर येऊन उभा राहिला. पीक सरकारी वहीत नोंदवायचे, आणि परवानेदार वखारवाल्याला माल घातल्याखेरीज त्या नोंदीतून सुटका नाही. मग भाव कोण ठरवणार? ज्याच्याकडे परवाना, तो! युद्ध १९४५ला संपले. इंग्रज १९४७ला गेला. कच्च्या तंबाखूवरचा हा कर मात्र १९७९ला उठला. स्वतंत्र भारताच्या सरकारांनी बत्तीस वर्षे ते जू शेतकऱ्याच्या मानेवर तसेच ठेवले, आणि व्यापारी त्यावर गबर झाले.

शाळेच्या पुस्तकात लढाया असतात, तह असतात. त्यांचे बिल कोणाच्या नावावर फाडले गेले ते नसते. १८१८ साली इंग्रज सेनानी मन्रोने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घालून तो घेतला, तेव्हा पेशवाई बुडाली एवढेच आम्हाला शिकवले गेले. नव्या अमलाचा रोख सारा कोणी भरला ते कोण सांगणार? अमेरिकेत यादवी पेटली म्हणून १८६१नंतर बेळगाव–धारवाडकडच्या कापसाला भाव चढला, ती विझली तसा तो कोसळला. आणि मागोमाग १८७६–७८चा दुष्काळ आला. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात उपाशी अडकल्या. २८ एप्रिल १९१६ रोजी टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली आणि दुसऱ्याच दिवशी कूटमध्ये त्या उपाशी सैनिकांनी शरणागती दिली. त्यातले कितीतरी कैदेत वाळवंटात मेले. ज्या बेळगावात पुढे मराठा पलटणींचे केंद्र आले, त्या बेळगावात होमरूलची तारीख सगळ्यांना पाठ आहे, कूटची कोणाला?

सीमा आखण्याची तऱ्हाही तीच. बेळगावला चिकटून असलेले शहापूर १९४८पर्यंत सांगली संस्थानात होते. एका पेठेतून दुसऱ्या पेठेत गेले की राज्य बदलायचे, आणि दोन्हीकडच्या विणकराला त्याबद्दल कोणी विचारले नव्हते. १९५६लाही विचारले नाही. १९४६ साली बेळगावच्याच साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राची हाक उठली होती, ती दिल्लीने पायदळी तुडवली. हा अन्याय होता, आहे, आणि तो आम्ही शंभरदा सांगू.

पण अन्यायाची ढाल करून स्वतःच्या घरातला अन्याय झाकणाऱ्यांनाही आम्ही सोडणार नाही! ज्या १९६६ साली सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला, त्याच साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा केला. कामाचे तास, पगारी रजा, पाळणाघर, विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या तर त्या वादाचा निवाडा, सारे त्यात होते. महाजन अहवालात निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूरला, हे आमच्या पुढाऱ्यांना तोंडपाठ. महाराष्ट्राने मागितलेल्या ८६५ गावांचा आकडा तर प्रत्येक सभेत गर्जतो. विडी कामगार कायद्याचे एक तरी कलम यांच्यातल्या कोणी व्यासपीठावरून वाचले आहे काय? तोंडाला फडके बांधून दिवसभर तंबाखूच्या खकाण्यात बसणारी बाई मराठीच बोलते. तिच्या खोकल्यावर महाराष्ट्र एकीकरण समितीचा ठराव कधी झाला?

तंबाखू आणि विडीच्या या कामात यल्लम्माला सोडलेल्या बायाही राबल्या. गरिबाची लेक देवाला सोडायची आणि गावाने तिचा बाजार मांडायचा, ही किडकी चाल सौंदत्तीच्या डोंगरावरून सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरली. कर्नाटकाने तिच्याविरुद्ध १९८२ साली कायदा केला. फुले–आगरकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राचा कायदा २००५चा आहे! मराठी अस्मितेच्या नावाने छाती पिटणाऱ्यांनी या तेवीस वर्षांचा हिशेब द्यावा.

बंगळूरकडे आमचे मागणे सरळ आहे. बेळगावात सुवर्ण विधानसौध बांधून आणि २०१४ साली शहराचे नाव बदलून मराठी माणूस नाहीसा होत नाही. घटनेचे ३५०-अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगते. पंधरा टक्क्यांहून अधिक अल्पसंख्य असतील तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेत निघाव्यात, हे केंद्राने १९५६पासून मान्य केले आहे. मराठी शाळांना शिक्षक द्या, सातबारा आणि दाखले मराठीतून द्या. ही भीक नव्हे!

मुंबईने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. दोन दशके उलटली. निकालाची वाट बघत निवडणुका काढणे हाच आता मुंबईचा सीमाप्रश्न झाला आहे. आणि महाराष्ट्र एकीकरण समितीला २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत एकही जागा मिळाली नाही. गटबाजीने हे झाले, असे पुढारी सांगतात. गटबाजी आहेच. पण मराठी मतदाराने भाषा सोडली नाही. पोटाबद्दल न बोलणारे पुढारी तेवढे सोडले, असा आमचा स्वच्छ निष्कर्ष आहे.

येत्या १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन झाल्यावर पुढाऱ्यांनी गाड्या निपाणीकडे वळवाव्यात. वखारीच्या दाराशी उभे राहून आतल्या बाईला मजुरी किती पडते, प्रॉव्हिडंट फंड भरला जातो का, तिच्या मुलीची मराठी शाळा चालू आहे की बंद, हे विचारावे. आणि वखारीचा मालक आपलाच मराठी मतदार निघाला, तर दारातून माघारी फिरू नये.