प्रवासाचे वाचलेले दोन तास गेले कोठे?

गेल्या काही वर्षांत दवाखान्यात एक नवा रुग्णवर्ग दिसू लागला आहे. वय पंचविशी-तिशीचे, नोकरी पुण्या-मुंबईच्या कंपनीत आणि मुक्काम मात्र आपल्याच गावी, आईवडिलांकडे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लॅपटॉप घेऊन परतलेली ही मुले. तक्रारी ठरलेल्या: मान आखडते, कंबर धरते, वजन वाढले, झोप लागत नाही.

आता अनेक कंपन्यांनी त्यांना पुन्हा ऑफिसात बोलावले आहे. घरोघरी त्यावरून वाद आहेत. आई म्हणते, पुन्हा खानावळीचे जेवण आणि गर्दीतले धक्के आले. वडील म्हणतात, घरी बसून पोरगा सुस्तावला आहे. आमच्या मते दोघांचेही अर्धे खरे आहे.

रोजचा लांबचा प्रवास झोप आणि मनःशांती हिरावतो, हे खरेच. परंतु त्याच प्रवासात घरापासून स्टेशनपर्यंतचे चालणे आणि पुलाचे जिनेही असत. या हालचालीची किंमत लहान नाही. डॉ. जेरी मॉरिस व सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९५३ साली प्रसिद्ध केला. बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला. बस एकच, फरक बैठकीचा!

परवा तिशीतल्या एका अभियंत्याचा रक्तदाब १५०/१०० भरला. दिवसभरात किती चालता, असे विचारले. तो म्हणाला, "डॉक्टर, खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत." मग प्रवासाचे वाचलेले दोन तास गेले कोठे? ते गेले कंपनीच्याच कामात. सकाळी लवकर सुरुवात, रात्री जेवताना फोन. घरून काम करणाऱ्या सुनेचे तर विचारूच नका. नोकरीही तिची आणि 'घरीच तर आहे' म्हणून पोळ्याही तिच्याच.

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली दिलेला इशारा येथे ध्यानात घ्यावा. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. म्हणून काम घरी असो वा ऑफिसात, ते संपण्याची वेळ ठरलेली असलीच पाहिजे. कंपन्यांनी हजेरीचे दिवस मोजण्याआधी हे तास मोजावेत.

घरून काम करणाऱ्यांनी कामाआधी पंधरा मिनिटे आणि काम संपल्यावर पंधरा मिनिटे घराबाहेर भरभर चालून यावे. पाच दिवसांत १५० मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेला आठवड्याचा किमान व्यायाम एवढाच आहे. पलंगावर लॅपटॉप घेऊन बसू नये, टेबल-खुर्ची वापरावी. अर्ध्या तासाने एकदा उठावे. ऑफिसला जाणाऱ्यांनी एक थांबा आधी उतरावे, जिना टाळू नये. तिशी ओलांडलेल्यांनी वर्षातून एकदा रक्तदाब तपासावा.

वाचलेला वेळ आपल्या शरीराचा आहे. तो कंपनीला फुकट देऊ नका!