त्या बसमधल्या माणसाचं काय झालं?

प्रति,
'जॉनी इंग्लिश' चित्रपटांचे निर्माते आणि लेखक,
लंडन.



पत्र मराठीत लिहीत आहे. आपल्या शहरात १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, त्यामुळे हे वाचून दाखवणारं माणूस आपल्याला सहज मिळेल. आमच्या तिकिटाचे पैसे सांगली-पुण्याहून आपल्यापर्यंत पोहोचतात, तेव्हा त्यांचं भाषांतर कोणाला करावं लागत नाही. मग तक्रारीनेच इंग्रजीत का यावं?

मी शाळेत भूगोल शिकवत असे. २०१८ साली 'जॉनी इंग्लिश स्ट्राइक्स अगेन' लागला तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो आणि पुण्याला बहिणीकडे गेलो होतो. अकरा वर्षांच्या भाच्याने हट्ट धरला म्हणून त्याला घेऊन गेलो. चित्रपट सुरू होतो न होतो तोच कळलं, की हेरखात्यातून बाहेर पडलेले इंग्लिशसाहेब आता एका शाळेत भूगोलाचे मास्तर आहेत. मी खुर्चीत सरसावून बसलो. आमचा विषय म्हणजे गणित-विज्ञानाच्या तासांमधली मोकळी जागा; त्या विषयाच्या मास्तरला कोणी नायक केल्याचं मी आजवर पाहिलं नव्हतं. वर्गात नकाशा कमी आणि हेरगिरीचे धडेच जास्त, पण ते चालून गेलं. पोरं त्या मास्तरवर जीव टाकताना दिसत होती. आता हा माणूस जगावर आलेलं संकट भूगोलाच्या जोरावर निवारणार, निदान एखादा नकाशा उलटा धरून तरी काही घोटाळा करणार, अशी माझी भाबडी अपेक्षा. थोड्याच वेळात आपण त्याला शाळेतून उचललंत, आणि भूगोल तिथेच राहिला. आणून ठेवलेली गोष्ट अशी कोपऱ्यात टाकून देण्याची ही सवय आपल्याला कधीपासून लागली?

पूर्वी ती नव्हती, म्हणून विचारतो. २००३चा पहिला चित्रपट लिहिणाऱ्या तिघांपैकी नील पर्व्हिस आणि रॉबर्ट वेड या दोघांनी आदल्याच वर्षी खुद्द बाँडचा 'डाय अनदर डे' लिहिला होता. पुजाऱ्यानेच देवाची नक्कल करावी तसा तो मामला, त्यामुळे नक्कल नेमकी होती. त्यातला राज्याभिषेकाचा प्रसंग आठवा. खलनायकाचं बिंग फोडायला इंग्लिश एक तबकडी लावायला सांगतो, आणि साऱ्या जगाला दिसतो तो स्वतःच्या न्हाणीघरात गाण्यावर नाचणारा इंग्लिश. त्याच्या घरात शत्रूने कॅमेरे बसवले होते. पेरलेलं नेमक्या वेळी उगवलं. आम्ही पोट धरून हसलो आणि आपल्यावर विश्वास टाकला.

२०११च्या 'रिबॉर्न'मध्ये तर आपण तो विश्वास व्याजासकट परत केलात. हाँगकाँगमधला पाठलाग मी किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. पुढे पळणारा तरणाबांड शत्रू भिंती चढतोय, छपरांवरून झेपा घेतोय. मागे आपला इंग्लिश. तो शांतपणे फाटक उघडतो, शिडी उतरतो, लिफ्टने जातो, आणि धापा टाकणाऱ्या पोराच्या पुढ्यात केसाचा भांगही न विस्कटता उभा राहतो. बाँडपटांतली ती धावपळ किती फुकाची, हे आपण एकही शब्द न उच्चारता सांगून टाकलंत. साठीकडे झुकलेल्या आम्हा मंडळींना तर ते आमचंच समर्थन वाटलं.

आणि ती झाडूवाली मारेकरी म्हातारी! तिच्यापायी इंग्लिश आधी भलत्याच बाईला बदडतो, ती निघते त्याच्या वरिष्ठ बाईंची आई. शेवटी तो थेट राणीवरच तुटून पडतो, का, तर तिलाही तीच म्हातारी समजला. एकच चूक, पण दर खेपेला मार खाणारी व्यक्ती वरच्या पायरीवरची, म्हणून हसूही वर चढत जातं. फार्स याला म्हणतात. हे आम्ही आपल्याकडून शिकलो नाही, आम्हाला आधीपासून ठाऊक आहे. 'चार्लीज आंट' हे आपल्या देशातलं नाटक, अत्र्यांनी त्याची 'मोरूची मावशी' केली आणि आमच्या घराघरांत नेली. बबन प्रभूंनी 'झोपी गेलेला जागा झाला' आणि 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' लिहून दाखवून दिलं, की पहिल्या अंकातल्या थापेची किंमत शेवटच्या अंकापर्यंत हप्त्याहप्त्याने चुकवावी लागते. धांदल म्हणजे फार्स नव्हे, एवढं इथला हौशी नट देखील जाणतो. तेव्हा 'भारतातल्या प्रेक्षकाला काय, कोणी पडलं की झालं' असा हिशेब आपल्या कचेरीत कोणी मांडत असेल, तर तो कृपया दुरुस्त करून घ्यावा.

आता मूळ तक्रारीकडे येतो. तिसऱ्या चित्रपटातला तो आभासी वास्तवाचा, आपला व्हीआरचा, प्रसंग. खलनायकाच्या घरात कसं शिरायचं याची रंगीत तालीम म्हणून इंग्लिशच्या डोळ्यांवर यंत्र चढवतात. तो चुकून इमारतीबाहेर पडतो आणि खऱ्याखुऱ्या लंडनकरांना शत्रू समजून झोडपत सुटतो. कॅफेतले लांबलचक पाव त्याच्या हातात दंडुके होतात, पुस्तकांच्या दुकानात हाणामारी होते, पर्यटकांच्या उघड्या बसमध्ये सहल दाखवणाऱ्या माणसाला चोप बसतो. थिएटर दणाणलं, मीही हसलो, ते नाकारत नाही. रोवन ॲटकिन्सन तेव्हा ६३ वर्षांचे होते. त्या वयात शरीर असं लवचीक आणि चेहरा असा ठाम ठेवणारा नट जगात किती सापडतील? त्यांच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही.

पण परतताना रिक्षात भाच्याने विचारलं, "मामा, त्या बसमधल्या माणसाचं काय झालं?"

मला सांगता आलं नाही. त्याला तरी काय सांगणार? म्हातारीऐवजी मार खाणारी बाई कोणाची तरी आई होती, नंतरची तर राणी होती. म्हणून तो मार कथेला लागला. बसमधला माणूस कथेत कोणाचाच कोणी नाही. आला, मार खाल्ला, गेला. तोच माणूस पुढे पंतप्रधानबाईंचा भाऊ निघाला असता तर? पावाने बडवलेला कॅफेवाला नेमका एखाद्या मेजवानीचा आचारी म्हणून समोर उभा ठाकला असता तर? हे सुचायला लेखकच असावं लागतं असं नाही, फार्स पाहिलेल्या कोणालाही सुचेल. आपल्याला ते सुचलं नाही यावर माझा विश्वास नाही. सुचलं होतं, पण गरज वाटली नाही. मला राग आहे तो त्याचा.

दुसरं वचन आपण स्वतःहून दिलं होतं, आम्ही मागितलं नव्हतं. कोणी तरी संगणकांत घुसून ब्रिटनचे सगळे हेर उघडे पाडतं, तेव्हा हा जुन्या वळणाचा गडी मोबाइल नको म्हणतो, जुनी ॲस्टन मार्टिन बाहेर काढतो आणि निघतो. वा! इतकी चांगली कल्पना दहा चित्रपटांत एकदा सापडते. फ्रान्समध्ये ओफेलिया नावाच्या हेर बाईच्या विजेच्या मोटारीमागे ती दिमाखदार गाडी लागते आणि ऐन पाठलागात तिचं पेट्रोल संपतं, हा विनोद त्याच कल्पनेतून उगवला होता. अख्ख्या चित्रपटात मला तोच सर्वांत अस्सल वाटला. आता जुनं विरुद्ध नवं हे भांडण रंगणार असं वाटलं. पण पुढे काय? झोपेच्या गोळीऐवजी तरतरीची गोळी आणि रात्रभर नाच. गंमत आहे, भाचा अजून तो नाच करून दाखवतो. पण जुन्या-नव्याच्या भांडणाशी त्या गोळीचा काय संबंध? तो नाच कोणत्याही साली, कोणत्याही चित्रपटात, कोणत्याही पात्राला देता आला असता. एक चांगली कल्पना हाती आली असताना तिचं इंधन आपणच का संपू दिलंत?

पात्रयोजनेबद्दल बोलायला मला संकोच वाटतो, कारण ही माणसं मोठी आहेत. पंतप्रधानबाई झालेल्या एमा थॉम्प्सन यांना अभिनयासाठी ऑस्कर मिळालंय आणि पटकथेसाठीही. पटकथेचं ऑस्कर मिळवलेली बाई सेटवर उभी असताना आपण तिच्या हाती काय दिलंत? हातात पेला आणि तोंडी वैताग. एडवर्ड फॉक्स यांचं तर विचारूच नका. १९८३च्या 'नेव्हर से नेव्हर अगेन'मध्ये फॉक्स बाँडचे वरिष्ठ 'एम' होते आणि त्याच चित्रपटात तरुण ॲटकिन्सन छोट्या भूमिकेत होते. पस्तीस वर्षांनी हे दोघे पुन्हा एका हेरपटात, तेही बाँडच्या विडंबनात! यात केवढा मोठा विनोद आयता पडलेला होता. आपण फॉक्स, चार्ल्स डान्स आणि मायकेल गॅम्बन या तिघा दिग्गजांना एका खोलीत बसवलंत, इंग्लिशच्या पेनाचा स्फोट करून मिनिटात आडवं केलंत आणि पुढे निघालात. गॅम्बन म्हणजे हॅरी पॉटरचे डंबलडोर, एवढं भाच्याला कळलं होतं. "आत्ता तर आले होते ना?" असं तो म्हणाला.

आणि माणसं हरवतात कशी आपली? पहिल्या चित्रपटातला इंग्लिशचा मदतनीस बॉफ दुसऱ्यात नव्हता, तिसऱ्यात तो परत आला. दुसऱ्यातला शिष्य टकर तिसऱ्यात दिसत नाही. टकरचं काम करणारा डॅनियल कालूया त्याच २०१८ साली 'गेट आउट'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्करच्या यादीत होता. तो मोठा झाला, आपल्याकडे आला नाही, समजू शकतो. पण इंग्लिशने त्याचं नाव एकदा तरी काढायला काय हरकत होती? शिष्याला विसरणारा मास्तर मला तरी पटत नाही.

त्या रात्री बहिणीकडे जेवताना जे झालं ते आपल्याला कळवणं मी माझं कर्तव्य समजतो, कारण अशी मतं आपल्यापर्यंत पोहोचत नसावीत. बहीण म्हणाली, पोर हसलं, पैसे वसूल. मेहुण्यांचं मत, हल्लीचा बाँड सुतकात असल्यासारखा वागतो, त्यापेक्षा हा बरा. बहिणीच्या सासूबाईंनी ॲटकिन्सन यांच्या 'मिस्टर बीन'चे जुने भाग नातवाबरोबर टीव्हीवर पाहिलेले. त्यांनी चेहरा ओळखला आणि म्हणाल्या, "हा तोच ना, न बोलणारा? बोलायला लागला आणि बिघडला." यावर वाद झाला. मी इंग्लिशची बाजू घेतली. बीनला जगाची पर्वा नाही आणि इंग्लिशला जगाने आपल्याला सलाम ठोकावा असं वाटतं. त्या वाटण्यासाठी त्याला बोलावंच लागतं, असं मी सांगून पाहिलं. सासूबाईंना पटलं नाही. मेहुण्यांच्या बोलण्यात मात्र एक धागा आहे. बाँड स्वतःच गंभीर होऊन बसल्यावर आपण टवाळी नेमकी कोणाची करत आहात? रोझमंड पाइक आणि ओल्गा कुरिलेन्को या बाँडपटांतल्या दोघी आपण एकेका चित्रपटात आणल्यात, पण दुसऱ्याकडचे पाहुणे बोलावले म्हणजे त्याची नक्कल होते का? तिसऱ्या खेपेला आपण आपल्याच पहिल्या दोन चित्रपटांची नक्कल करत होतात, असं मला वाटतं.

आपलं उत्तर काय असेल, ते मला ठाऊक आहे. तिन्ही चित्रपटांनी जगभरात प्रत्येकी साधारण १६ कोटी डॉलरचा गल्ला जमवला. २००३ मध्ये तेवढाच, २०११ मध्ये तेवढाच, २०१८ मध्येही तेवढाच. यावरून आपण म्हणाल, प्रेक्षक खूश आहे. मी त्याच आकड्यातून दुसरं वाचतो. चित्रपट चांगला केला काय, कसाही केला काय, ठरावीक माणसं ॲटकिन्सन यांच्या चेहऱ्याखातर येणारच, हे आपल्याला कळून चुकलंय. किराणावाल्याकडे चाळीस वर्षांचं उधारीचं खातं असलेल्या घरालाच जसं किडकं धान्य बांधून दिलं जातं, तसं हे. जाणार कुठे, असा त्यामागचा विचार. आपण हा विचार केला नव्हता, असं मला छातीठोकपणे सांगाल का?

चौथा चित्रपट आपण काढालच. आमची तिकिटं पुन्हा निघतील, हेही कबूल करतो. भाचा आता मोठा झाला असला तरी मला ओढून नेईल, किंवा मी त्याला. कथा लिहायला बसाल तेव्हा एक करा. जॉनी इंग्लिशला परत वर्गात उभा करा, भिंतीवर नकाशा लावा आणि त्याला एक तरी ठिकाण चुकीचं दाखवू द्या. मग ती चूक शेवटपर्यंत त्याचा पिच्छा पुरवू दे. बसमधल्या त्या माणसालाही शोधून काढा. इंग्लिशची आणि त्याची पुन्हा गाठ पडली पाहिजे, बहुधा तो इंग्लिशचा नवा मुख्याध्यापक असेल.

कळावे, उत्तराची वाट पाहत आहे.

आपला,
तिकीट काढून पाहणारा एक निवृत्त भूगोल शिक्षक,
सांगली.