कुशल माणूस मिळत नाही, म्हणे!

मैत्रिणींनो, आमच्या खोडद-नारायणगाव भागात सध्या एकच रडगाणे ऐकू येते: कुशल माणूस मिळत नाही. बागायतदार म्हणतो, वर्कशॉपवाला म्हणतो. मला विचारायचे आहे, या 'माणसा'त बाई धरली आहे का?

द्राक्षबागेचेच घ्या. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड सुटले की विरळणी येते. कोणता मणी ठेवायचा, कोणता कात्रीने उडवायचा, हे प्रत्येक घडापाशी ठरवावे लागते. जास्त ठेवले तर मणी फुगत नाहीत, दाटलेल्या घडात कुजतात. जास्त काढले तर वजन गेले. परदेशी जाणारा माल या कात्रीवर ठरतो, आणि कात्री बहुतेक बायांच्याच हातात असते. तरी छाटणीवाला तो कारागीर, एकराचा उक्ता दर बोलणारा. विरळणीवाली मात्र रोजावरची बाई. पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यातून उतरणाऱ्या बायांना तर नावही नसते, त्यांची नुसती 'टोळी' होते. (बायकांची बोटे नाजूक म्हणून हे काम त्यांना जमते म्हणे! त्याच बोटांना खुरपे कसे चालते?)

समान कामाला समान वेतन, असे १९७६ च्या कायद्याने सांगितले, २०१९ च्या वेतन संहितेतही ते आहे. यावर तोड सोपी निघाली: कामच वेगळे ठरवा. ते 'कसब', हे 'बायकी काम'.

दुसरीकडे, खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय दुर्बीण उभी आहे. विज्ञान दिनाला शाळेच्या मुली ती डोळे भरून पाहतात. त्यातलीच एखादी दहावीनंतर फिटर, वेल्डर व्हायचे म्हणाली, तर घरात उत्तर तयार: शिवणकाम घे. आयटीआयला जायची एसटी वेळेवर नाही, वसतिगृह नाही, आणि वर्कशॉपात बाईसाठी संडासही नाही. मग टंचाई कुणी केली?

२०१५ पासून सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय आहे. ती परीक्षा विरळणीच्या हंगामात बांधावर घ्या, अशी मागणी आपण ग्रामसभेत मांडू. आणि येत्या छाटणीआधी गावोगावच्या मंडळांनी विरळणीचा उक्ता दर एकत्र बसून ठरवावा. त्याखाली बोलावणाऱ्याच्या बागेत एकीनेही कात्री घेऊन जाऊ नये.