मूळ इंजिनाचा सोवळेपणा

इंग्लंडात जुन्या मोटारींचे जे भक्तसंप्रदाय आहेत, त्यांपैकी एका संप्रदायाच्या लेखी एका पापाला प्रायश्चित्तच नाही. एमजीबी या १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या स्पोर्ट्स कारचे १७९८ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन घरच्या गॅरेजात साखळी-कप्पीने उचलून बाहेर काढायचे आणि त्या जागी रोव्हरचे ३५२८ सीसीचे व्ही-८ बसवायचे, हे ते पाप. असे करणारा माणूस इतिहासाचा विध्वंसक ठरतो. गाडी 'भ्रष्ट' होते. 'मूळ' हा शब्द या मंडळींच्या तोंडी असा येतो, की ऐकणाऱ्याने पायातल्या चपला बाहेर काढून ठेवाव्यात.

या आक्षेपाची थट्टा करून भागणार नाही, कारण त्यामागची भावना आपल्यालाही परकी नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी त्यात पदरची ओवी घालू नये असे बजावले. संहितेविषयी असा धाक नसता तर आपल्या हाती काय उरले असते, हा प्रश्न रास्तच आहे. मग एमजीबीच्या बाबतीत तोच धाक का नको?

कारण एमजीबी हे हस्तलिखित नव्हे. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या पाच लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडल्या. ही छापील आवृत्ती आहे. छापील पुस्तकाच्या स्वतःच्या प्रतीत एखाद्याने समासात टिपणे केली, चार पाने नव्याने बांधून घेतली, म्हणून संहिता नष्ट होत नाही. ती इतर हजारो प्रतींत सुखरूप असते. उलट, ती प्रत कुणी खरोखर वाचली आहे, एवढे मात्र त्यातून कळते. ज्या गाड्या खरोखर दुर्मीळ आहेत त्यांना हात लावू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण गंजून अंगणात पडलेल्या, इंजिन थकलेल्या सामान्य एमजीबीवर दुर्मीळतेचे सोवळे चढवणे हा निव्वळ दांभिकपणा आहे.

दुसरे असे की, ज्याला 'मूळ' म्हणतात त्याचे कुळ तरी कोणते? एमजीबीचे ते पवित्र इंजिन बीएमसीच्या 'बी' मालिकेतले. म्हणजे साध्या कौटुंबिक गाड्या ओढणाऱ्या घराण्यातले. त्याचेच १४८९ सीसीचे भावंड आपल्या अँबॅसिडरच्या बॉनेटखाली कित्येक वर्षे नांदले. (त्याच अँबॅसिडरच्या जुन्या अंगात पुढे १९९० च्या दशकात कारखान्यानेच इसुझूचे मोठे इंजिन बसवले, तेव्हा कुणी सुतक पाळल्याचे ऐकिवात नाही.) आणि ते रोव्हरचे व्ही-८? ते जन्माने अमेरिकन. ब्युइकने १९६० च्या दशकाच्या आरंभी ते बनवले, थोड्याच वर्षांत सोडून दिले, आणि १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क विकत घेतले. एक इंजिन मध्यमवर्गीय, दुसरे दत्तक. शुद्ध कुळाचा दावा करायचा तो कोणी?

आता कारखान्याची कथा पाहा. अधिक ताकद हवी म्हणून १९६७ मध्ये एमजीने स्वतःच एमजीसी काढली. तिच्यात २९१२ सीसीचे सहा सिलिंडरांचे लोखंडी इंजिन होते. हे धूड मूळच्या इंजिनापेक्षा सुमारे दोनशे पौंडांनी जड. त्यासाठी पुढचे सस्पेन्शन बदलावे लागले, बॉनेटला उंचवटा काढावा लागला, आणि एवढे करून गाडी नाकाकडे जड झाली. वळणावर ती वळायला नाखूश असते, अशी टीका समीक्षकांनी केली. १९६९ मध्ये ती बंद झाली. म्हणजे कारखान्याचा शिक्का, कारखान्याचे अभियंते, सगळे 'मूळ'. आणि निष्पत्ती ही.

पुढे केन कॉस्टेलो नावाच्या गृहस्थाने आपल्या छोट्या कार्यशाळेत एमजीबीत रोव्हरचे व्ही-८ बसवून दाखवले. हे इंजिन अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने त्याचे वजन लोखंडी चार-सिलिंडरच्या जवळपासच राहते. आकार दुप्पट, भार तेवढाच. ब्रिटिश लेलँडने त्याची गाडी तपासली आणि १९७३ मध्ये स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली. १९७६ पर्यंत अशा २,५९१ गाड्या निघाल्या, पण सगळ्या बंद छपराच्या. उघड्या छपराची व्ही-८ कारखान्याने दिली नाही, ती लोकांनी आपापल्या गॅरेजांत तयार केली. कंपनीला ती आरव्ही-८ या नावाने काढायला १९९३ साल उजाडावे लागले. ज्याला आज शुद्धतावादी अपभ्रंश म्हणतात, त्याचीच नक्कल कारखान्याने दोनदा केली आहे.

याचा अर्थ प्रत्येक अदलाबदल वंदनीय आहे असा नाही. माझे खरे भांडण दोन आघाड्यांवर आहे. शुद्धतावाद्यांइतकाच मला तो बहाद्दर असह्य होतो, जो इंजिन तेवढे बदलतो आणि बाकी सारे देवाच्या हवाली करतो. मूळ एमजीबीच्या मागच्या एक्सलचे गुणोत्तर ३.९०९ होते, कारखान्याने व्ही-८ साठी ते ३.०७१ केले, कारण मोठ्या इंजिनाला लहान इंजिनासारखे गरगर फिरवण्यात काही शहाणपण नसते. पुढच्या ब्रेकच्या चकत्या जाड केल्या. रेडिएटर, गिअरबॉक्स, क्लच, एक्झॉस्टला लागणारी जागा, या सगळ्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. पंचाण्णव अश्वशक्तीसाठी पुरेसे ठरलेले ब्रेक दीडशेसाठी पुरतीलच, असे धरून चालणारा माणूस सर्जनशील नव्हे; तो रस्त्यावरच्या दुसऱ्यांच्या जिवाशी खेळतो. अशा कामाला टीका म्हणून 'अशुद्ध' हा शब्द फार सौम्य आहे. ते काम अडाणी आहे.

तेव्हा रेघ ओढायचीच तर ती मूळ आणि बदललेले यांच्यात ओढू नये. समजून केलेले आणि न समजता केलेले यांच्यात ओढावी. जो माणूस सहा महिने रविवार घालवून इंजिनाचे माउंट आखतो, चुकतो, पुन्हा कापतो, वजन कुठे पडते ते मोजतो, त्याला त्या गाडीविषयी जे कळते ते झाकून ठेवलेल्या, किंमत वाढण्याची वाट पाहणाऱ्या मालकाला जन्मात कळणार नाही. 'मूळ' या शब्दाच्या आडून आज बहुधा लिलावातली किंमतच बोलते, हे एकदा स्पष्ट म्हटले पाहिजे.

कायद्यानेही हा प्रश्न वेगवेगळ्या रीतींनी सोडवला आहे. ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्याने अनेक वर्षे वापरलेल्या गुणपद्धतीत गाडीची ओळख टिकायला किमान आठ गुण लागत. त्यांत सांगाड्याचे गुण पाच, आणि इंजिनाचा अवघा एक. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ इंधनबदलासारखे अपवाद सोडता उत्पादकाच्या मूळ तपशिलाला धरून राहायला सांगते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणेच लावला. सुरक्षिततेची काळजी मी समजू शकतो. पण काम तपासून परवानगी देणे आणि काम करूच न देणे, या दोहोंत फरक आहे. पहिल्याने चांगले कारागीर घडतात; दुसऱ्याने चोरून काम करणारे.

बदल करणाऱ्याकडून मी तीनच गोष्टी मागेन: ब्रेक आधी, इंजिन नंतर, कागदपत्रांवर खरी नोंद, आणि काढलेले जुने इंजिन तेल घालून, झाकून, कोपऱ्यात जपून ठेवणे. पुढच्या मालकाला ते परत बसवावेसे वाटले, तर त्याने खुशाल बसवावे. तोही स्पॅनर हातात घेईल, आणि मला तेवढेच हवे आहे.