जिग शिकायचा तर मे महिन्यात धरणाच्या तळात उतरा

मुळा धरणाच्या काठावर किंवा नाथसागराच्या फुगवट्याला रॉड आणि रीळ घेऊन उभी असलेली तरुण मुलं आता आपल्या जिल्ह्याला नवी राहिलेली नाहीत. त्यांतली बरीचशी मोबाइलवर अमेरिकेतल्या बास माशाची मासेमारी बघून या नादाला लागलेली असतात. त्या व्हिडिओंमध्ये सगळ्यांत मानाचं साधन म्हणजे जिग. गळावर ओतलेलं शिशाचं डोकं, भोवती रबराच्या बारीक झिरमिळ्या आणि मागे अडकवलेला मऊ प्लास्टिकचा खेकडा किंवा किडा. पेटीत जिग प्रत्येकाच्या असतो, पण पाण्यात तो फार वेळ टिकत नाही. दहावीस फेकी रिकाम्या गेल्या, एकदोन जिग दगडात अडकून तुटले, की हात पुन्हा गांडुळाकडे आणि कणकेच्या गोळ्याकडे वळतो, आणि ‘आपल्याकडे जिगला मासा लागत नाही’ असा निकाल दिला जातो. हा निकाल मला अजिबात मान्य नाही. जिगवरचा विश्वास उडतो तो मासा नसतो म्हणून नव्हे, तर पाण्याखाली काय आहे याचा पत्ता नसतो म्हणून. आणि पाण्याखाली काय आहे हे उघड्या डोळ्यांनी बघण्याची सोय आपल्या जिल्ह्यातली धरणं दर उन्हाळ्यात करून देतात. ती आपण वापरत नाही.

जिगचं काम कसं चालतं हे आधी नीट समजून घेतलं पाहिजे. रबरी बेडूक पाण्यावरून ओढला की मासा झडप घालताना दिसतो, त्यामुळे त्याच्यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही. जिगचं सगळं काम नजरेआड चालतं. सात ते चौदा ग्रॅमचा जिग फेकला की तो तिरका बुडत तळाला जातो, आणि पुष्कळदा मासा तो बुडत असतानाच तोंडात घेतो. त्या क्षणी हाताला जोराचा हिसका बसतोच असं नाही. कधी दोरी किंचित बाजूला सरकते, कधी जिग तळाला टेकायच्या आधीच सैल पडते, कधी नुसतंच वजन नाहीसं झाल्यासारखं वाटतं. नवख्याला यातलं काहीच कळत नाही, आणि मासा जिग थुंकून निघून गेलेला असतो. तळाला टेकल्यावर रॉडचं टोक हळूच उचलायचं, जिगला वीतभर सरकू द्यायचं, पुन्हा टेकू द्यायचं. दगड असेल तर टकटक जाणवते, गाळ असेल तर जिग रुतून सुटतो, लाकडावरून जाताना किंचित चिकटल्यासारखा अडखळतो. शेतकरी मूठभर माती दाबून वाफसा ओळखतो, तशी ही ओळख बोटांतून येते, आणि ती येण्यासाठी बोटांना जे कळलं ते बरोबर की चूक हे ताडून बघायची सोय लागते. अडखळलं ते बाभळीचं खोड होतं, की बांधाचा दगड, की माशाचं तोंड? हे कधीच पडताळता आलं नाही तर हजार फेकी करूनही माणूस जिथे होता तिथेच राहतो.

ती पडताळणी आपल्याकडे उन्हाळा करून देतो. बारागाव नांदूरजवळचं मुळा धरण २६ टीएमसीचं. पावसाळ्याअखेर भरलेला हा जलाशय शेतीची आवर्तनं सुटत जातात तसा उतरत जातो, आणि मे महिन्यापर्यंत काठाचा मोठा पट्टा उघडा पडतो. नाथसागर तर पसरट आणि उथळ. शेवगाव आणि नेवासा तालुक्यांत त्याचं पाणी थोडं उतरलं तरी लांबवर जमीन मोकळी होते आणि तिथे गाळपेरीची पिकं उभी राहतात. या उघड्या तळात एक चक्कर मारली की सगळं समोर दिसतं. बुडालेल्या शेतांचे बांध, विहिरींची कडी, जुन्या गाडीवाटा, ओढ्याचा मूळ प्रवाह आणि त्याचे तुटलेले काठ, वाळलेली बाभळीची खोडं, मुरमाची उंचवट्याची जागा. शिकारी मासा मोकळ्या सपाट गाळात उगाच भटकत नाही. आडोसा, काठ आणि खोली बदलते ती जागा धरून तो राहतो. ऑक्टोबरमध्ये ज्या ठिकाणी बारा फूट पाणी असणार आहे ते ठिकाण मे महिन्यात पायाखाली येतं. मोबाइलवर त्या जागेची खूण करून ठेवायला पैसे पडत नाहीत. परदेशात पाण्याखालचा तळ दाखवणाऱ्या यंत्रांवर मोठी रक्कम खर्च होते. आपल्याकडे एका सकाळची पायपीट पुरते, आणि पुढे त्याच खोडाला जिग अडखळला की बोटांना काय कळलं त्याचा अर्थ लागतो. विश्वासाची सुरुवात इथून होते.

दुसरं साधन रोजच्या वर्तमानपत्रात छापून येतं. या जिल्ह्यात धरणसाठ्याचे आकडे जितक्या बारकाईने वाचले जातात तितके क्वचितच कुठे वाचले जात असतील. मुळा किती भरलं, भंडारदऱ्यातून किती सुटलं, निळवंड्यात किती आलं, जायकवाडीसाठी किती सोडायचं, यावर आपल्याकडे आंदोलनं होतात आणि खटले चालतात. गळ टाकणाऱ्याने हेच आकडे मासेमारीच्या नजरेने वाचावेत. पाणी चढत असेल तर मासा नव्याने बुडालेल्या गवताकडे, उथळाकडे सरकतो. आवर्तन सुटून पाणी उतरू लागलं की तो उथळ सोडून जवळच्या खोल काठाला जातो. म्हणजे गेल्या आठवड्यात जिथे मासा लागला तिथे आज नाही, याचं कारण जिग खराब आहे असं नसून पाणी दोन फूट उतरलं आहे असं असू शकतं. कारण कळलं की माणूस निराश होत नाही, जागा बदलतो.

यावर पहिला आक्षेप असा की जिग हे बास माशाचं साधन, आणि बास आपल्याकडे नाही. खरं आहे, नाही. पण जिगला बासच लागतो असं कोणी ठरवलेलं नाही. तळाजवळ, आडोशाला, दबा धरून बसणारा कुठलाही शिकारी मासा त्याला लागतो, आणि आपल्या धरणांत मरळ आहे, शिवडा आहे, शिंगाडा आहे. शिकणाऱ्यासाठी मरळ तर बासपेक्षा सोयीचा. तो हवेत श्वास घेणारा मासा. नुसत्या पाण्यातल्या प्राणवायूवर त्याचं भागत नाही, म्हणून त्याला अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. पाणी शांत असेल तर तो घोट दिसतो आणि वर्तुळ उमटतं. इथे मासा आहे का, हा जिग टाकणाऱ्याच्या मनाला सगळ्यांत जास्त पोखरणारा प्रश्न. मरळ त्याचं उत्तर स्वतःच देतो. थंडीत तो मंदावतो आणि पृष्ठभागावरच्या बेडकामागे धावत नाही, तेव्हा खोडाशेजारी हळू बुडणारा जिग त्याच्या तोंडासमोर जातो. एवढं मात्र ध्यानात ठेवावं की त्याचं तोंड हाडाचं असतं. बारीक तारेचा गळ तिथे वाकतो. जाड गळ आणि मजबूत दोरी हवीच.

यातूनच कोणी म्हणेल, मग बासच इथे आणून सोडू. हा विचार मनातूनही काढून टाकावा. जपानात १९२५ साली आशी सरोवरात बास सोडला गेला. पुढे तो देशभर पसरला, बिवा सरोवरातल्या स्थानिक माशांना त्याने खाल्लं, आणि २००५ साली लागू झालेल्या कायद्याखाली जपानने त्याला उपद्रवी परक्या प्रजातींत टाकलं. जॉर्जियात १९३२ साली पकडलेल्या बासच्या जागतिक विक्रमाची बरोबरी २००९ साली याच बिवा सरोवरात झाली. म्हणजे शौकिनांचा विक्रम झाला त्याच पाण्यात मूळच्या माशांचे हाल झाले. आपल्याला इतक्या दूर जायचीही गरज नाही. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया आज चिलापी या नावाने उजनीत आणि इतरत्र कसा पसरला आहे ते आपण बघतोच. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३०च्या दशकात दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा शास्त्रीय नावांतही त्याने खुद्री, कोळस अशी इथली नावं ठेवली. ज्या पाण्यात इतके जुने रहिवासी आहेत तिथे आपल्या हौसेसाठी परका शिकारी सोडण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: जिवंत आमिषाला मासा लवकर लागतो, मग जिगचा अट्टहास कशाला? लवकर लागतो, हे मी नाकारत नाही. पण जिवंत आमिष मासा गिळतो, गळ घशात किंवा पोटात जातो, आणि लहान मासा सोडायचा म्हटलं तरी तो जगत नाही. जिग बहुतेक वेळा ओठात किंवा जबड्यात बसतो, त्यामुळे लहान मासा परत पाण्यात जाऊ शकतो. आणखी एक फरक आहे. आमिष टाकून बसणारा माशाची वाट बघतो, जिग टाकणारा तळ शोधत फिरतो. ज्याला पाणी समजून घ्यायचं आहे त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार, आणि तो भोई आणि कोळी कुटुंबांकडून येतो. धरणातल्या मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्था ठेक्याने घेतात, मत्स्यबीज सोडण्याचा खर्च करतात. शहरातून आलेला हौशी माणूस फुकट मासा का नेईल? त्यांचा मुद्दा रास्त आहे, आणि त्याचं उत्तर हौशी लोकांनीच द्यायला हवं. संस्थेची परवानगी घेतल्याशिवाय पाण्याला काठी लावू नये. संस्थांनीही दिवसाचा परवाना, किती मासे नेता येतील त्याची मर्यादा आणि ठरावीक शुल्क असं काही ठरवलं तर त्यांना उत्पन्नाची एक वाट मिळेल, शिवाय काठावर कायम नजर ठेवणारी माणसं मिळतील. सुरुंगाची दारू किंवा विष वापरून मासे मारणं १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. असले प्रकार कुठे चालतात ते तळ ओळखणाऱ्या माणसाला सगळ्यांत आधी कळतं. विणीच्या काळाबद्दल मात्र कुठलीच सवलत नको. पावसाळ्यात मरळाची तांबूस पिल्लं घोळक्याने पाण्यावर खदखदताना दिसतात, आणि नर-मादी खाली पहारा देत असतात. त्या घोळक्यावर जिग टाकला तर पहारेकरी मासा चवताळून तो धरतो. याहून सोपी शिकार नाही. पण तो मासा काढला की सगळी पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. पिल्लांचा घोळका दिसला की तिथून निघून जायचं, हा नियम प्रत्येक हौशी माणसाने स्वतःवर घालून घ्यावा.

शिशाबद्दलची तक्रारही खरी आहे. तळात तुटून राहिलेला प्रत्येक जिग म्हणजे पाण्यात राहिलेलं शिसं, आणि नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. ब्रिटनने हंसांच्या विषबाधेमुळे १९८७ साली मासेमारीच्या छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आणली. टंगस्टनचा जिग महाग पडतो, पण थोडेच जिग घेऊन का होईना, तोच वापरावा. तळ ओळखीचा झाला की जिग तुटण्याचं प्रमाणही आपोआप घटतं. तुटलेली तंगूस काठावर टाकून देणाऱ्याला तर पाण्यावर यायचा हक्कच नाही, कारण तिच्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. अभयारण्याच्या हद्दीत, मग ती नाथसागराची असो की कळसूबाई-हरिश्चंद्रगडाची, वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीच करू नये.

हे सगळं परदेशी खूळ आहे असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात गळाने मासे धरण्याच्या विद्येला स्वतंत्र प्रकरण आहे. दख्खनच्या पाण्यात ही विद्या आठ-नऊशे वर्षं जुनी आहे. ज्ञानेश्वरांच्या नेवाशाच्या जिल्ह्यात माशाला गळ लावावाच का, असं ज्याला मनापासून वाटतं त्याच्याशी मी वाद घालणार नाही, त्याचा मार्ग त्याला लखलाभ. पण ज्यांच्या घरात मासा शिजतो त्यांनी तो कसा धरला जातो याचा विचार केलेला बरा.

तेव्हा ज्यांच्या पेटीत न वापरलेले जिग पडून आहेत त्यांना माझी विनंती आहे. येत्या मे महिन्यात मुळेच्या किंवा नाथसागराच्या उघड्या काठावर एक सकाळ घालवा, गाळपेरीच्या पिकात न शिरता कडेकडेने फिरा, आणि पाचसहा जागांची नोंद करून ठेवा. पावसाळा सरल्यावर संस्थेची परवानगी घ्या आणि पोहणारा सोबती बरोबर न्या. दरवाजे आणि सांडव्याजवळ जाऊ नका. एकाच वजनाचे, एकाच रंगाचे तीनचार जिग बरोबर ठेवा, बाकीची आमिषं घरी राहू द्या. आणि आपल्या नोंदवलेल्या जागा सोडून इकडेतिकडे फेकू नका.