विश्लेषण : कायोटीच्या शिकारीसाठी कुत्र्यांना नेमके काय शिकवतात? अमेरिकेत त्यावरून वाद का?

अमेरिकेच्या पश्चिम भागातील मेंढीपालकांसाठी वसंत ऋतू चिंतेचा असतो. या दिवसांत कुरणावर कोकरे असतात आणि कायोटीच्या बिळात पिल्ले. पिल्लांना भरवायला कोकरासारखे सोपे भक्ष्य दुसरे नाही. तिथे हिंस्र प्राण्यांमुळे मरणाऱ्या मेंढ्यांपैकी सर्वाधिक मेंढ्या कायोटीच मारतात. त्यावर उपाय म्हणून कुत्र्यांचा वापर होतो, पण आपल्याला वाटते तसा नव्हे.

कायोटी म्हणजे काय?

लांडगा आणि कोल्ह्याचा हा उत्तर अमेरिकी भाऊबंद. वजन साधारण ९ ते २० किलो. माणसाने तिथले लांडगे जवळपास संपवले आणि मोकळ्या झालेल्या जागेत कायोटी पसरला. आज हवाई वगळता अमेरिकेच्या सर्व राज्यांत तो आहे, अगदी शिकागो आणि लॉस एंजेलिस शहरांतही.

कुत्रा शिकार करतो का?

बहुतेकदा नाही. तो आमिष असतो. अशा कुत्र्याला ‘डिकॉय डॉग’ म्हणतात. पिल्ले असताना कायोटीची जोडी आपल्या हद्दीत दुसरा श्वान खपवून घेत नाही. कुत्रा दिसला की ती त्याच्या मागे लागते. कुत्रा मालकाच्या दिशेने पळत येतो आणि कायोटी बंदुकीच्या टप्प्यात येतो. सारे लक्ष कुत्र्यावर असल्याने एरवी कमालीच्या सावध असलेल्या या प्राण्याला जवळचा माणूस दिसत नाही.

प्रशिक्षण कसे असते?

सगळा डोलारा एका आज्ञेवर उभा असतो : हाक मारली की परत ये. पिल्लू असल्यापासून ही सवय लावली जाते. मग बंदुकीच्या आवाजाची भीती घालवणे, गाईगुरे आणि हरणांकडे दुर्लक्ष करायला शिकवणे, कायोटीच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाची ओळख, असे टप्पे येतात. गळ्यात जीपीएस पट्टा असतो. शिवाय दुरून आवाज, कंपन किंवा सौम्य विजेचा झटका देणारा पट्टाही. नवख्या कुत्र्याला अनुभवी कुत्र्यासोबत सोडतात. बरेचसे तो त्याच्याकडूनच शिकतो.

अडचण स्वभावाची आहे. फार आक्रमक कुत्रा कायोटीशी भिडतो आणि जखमी होतो. भित्रा कुत्रा थेट गाडीखाली जाऊन बसतो. हवा असतो तो थोडे अंगावर जाणारा, थोडे मागे हटणारा. म्हणून ‘माउंटन कर’, ‘ब्लॅक माउथ कर’ अशा कामाच्या जाती निवडल्या जातात. रेबीज, डिस्टेंपरची लस अर्थातच आवश्यक.

मैदानी प्रदेशात मात्र ग्रेहाउंडसारखे वेगवान कुत्रे कायोटीला गाठून मारतात. १९०५ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट अशाच शिकारीसाठी ओक्लाहोमात गेले होते. आपल्याकडचे कारवानी कुत्रे याच धाटणीचे.

वाद कशावरून?

मुख्यतः क्रूरतेवरून. विशेषतः कुंपणात कोल्हे-कायोटी सोडून कुत्र्यांचा सराव घेण्यावरून. फ्लोरिडाने २०१० मध्ये अशा कुंपणांवर बंदी घातली. व्हरमाँटने २०२२ च्या कायद्याने कुत्र्यांच्या साह्याने होणारी कायोटीची शिकार नियम ठरेपर्यंत थांबवली आणि जमीनमालकाची परवानगी बंधनकारक केली. तिथे तक्रार शिकारीइतकीच आपल्या जमिनीत घुसणाऱ्या कुत्र्यांबद्दलही होती.

दुसरा प्रश्न उपयोगाचा. अमेरिकी कृषी खात्याची वन्यजीव यंत्रणा अलीकडे वर्षाला ५० हजारांहून अधिक कायोटी मारते, तरी त्यांचा पसारा आटोपलेला नाही. जागा रिकामी झाली की दुसरे येतात. सरसकट मारण्यापेक्षा मेंढ्यांवर हल्ला करणारी जोडी शोधणे महत्त्वाचे ठरते. वायोमिंगमधील १९८३ च्या अभ्यासात बिळातील पिल्ले काढल्यावर मेंढ्यांवरील हल्ले बरेच घटल्याचे दिसले. उपाय निर्दय आहे, पण मारल्या जाणाऱ्या प्राण्यांची संख्या कमी राहते. डिकॉय कुत्र्यांचे समर्थक नेमका हाच मुद्दा मांडतात.

पर्याय आहे का?

राखणदार कुत्रे. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत ‘ग्रेट पायरेनीज’, ‘अनातोलियन’ अशा जातींचा वापर वाढला. यांचे शिक्षण अगदी उलटे : पिल्लू असतानाच मेंढ्यांमध्ये वाढवायचे, म्हणजे ते कळप सोडत नाही. मात्र डोंगराळ, मोकळ्या कुरणावर हजारभर मेंढ्या पांगलेल्या असतील, तर दोन-तीन कुत्रे सगळीकडे पुरत नाहीत. त्यामुळे अनेक मेंढीपालक कळपात राखणदार कुत्रे ठेवतात आणि कोकरे मरू लागली की सरकारी शिकाऱ्यालाही बोलावतात.