दूरसंचाराचा ताबा आणि खान्देशचा व्यापार

सार्वजनिक आणीबाणीत सरकारने दूरसंचार ताब्यात घेतला किंवा बंद केला, तर पेढीचे व्यवहार कसे चालायचे? या प्रश्नावर खान्देशात चार उत्तरे संभवतात. असे इकडे होत नाही. झाले तरी तो कंपन्यांचा प्रश्न. दुसरे सिम आहेच. आणि असा अधिकारच चुकीचा असल्याने त्याची तयारी म्हणजे त्याला मान्यता. चारही उत्तरे अपुरी आहेत.

पहिल्यात दोन आणीबाण्यांची गल्लत आहे. राज्यघटनेच्या कलम ३५२ खालची घोषणा १९६२, १९७१ आणि १९७५ अशी तीनदाच झाली, हे खरे. पण दूरसंचाराच्या ताब्यासाठी ती लागत नाही. १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ५ ला सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता एवढे कारण पुरत असे. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम २० मध्येही तेच आहे आणि ते कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. त्याखाली केंद्र वा राज्य सरकार नेटवर्क तात्पुरते ताब्यात घेऊ शकते, मदतकार्यातल्या अधिकृत लोकांचे निरोप आधी पोचवायला लावू शकते आणि सेवा थांबवूही शकते. २०२३ मध्ये मे महिन्यात अकोल्यात आणि जूनमध्ये कोल्हापुरात दंगलीनंतर इंटरनेट बंद झाले, तेव्हा देशात कलम ३५२ ची आणीबाणी नव्हती. खान्देशही आडबाजूला नाही. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत रेल्वे जंक्शन आणि आयुध निर्माणी असलेले भुसावळ होते.

दुसरे उत्तर अर्धे खरे आहे. आदेश कंपनीला जातो, पण अडतो तो माल. रावेर-सावद्याकडे केळीचे घड कापून झाले की थांबायला वेळ नसतो. भाव, गाडी आणि दिल्लीचा खरेदीदार सारे फोनवर ठरते. कापसाच्या गाठींचे उलट आहे. गाठ नासत नाही, पण ५० हजारांवरचा माल ई-वे बिलाशिवाय परराज्यात जाऊ शकत नाही, आणि ज्याची उलाढाल ५ कोटींवर आहे त्याला ई-इनव्हॉइसही पोर्टलवरूनच काढावे लागते. ताज्या केळीला ई-वे बिल लागत नाही. म्हणजे केळीवाल्याला अडचण भावाची, जिनिंगवाल्याला कागदाची. दोघांची तयारी एकच असू शकत नाही.

तिसरे उत्तर यंत्रावर भिस्त ठेवते. बंदी एका कंपनीवर नसते, ती त्या भागातल्या सगळ्या कंपन्यांना लागू होते. व्हीपीएनला मुळात इंटरनेट लागते आणि परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे हा गुन्हा आहे. मात्र अनेकदा फक्त मोबाइल डेटा बंद होतो. साधा कॉल आणि तारेवरचे ब्रॉडबँड चालू राहते. म्हणून आदेश वाचणे महत्त्वाचे. सेवाबंदीच्या नोव्हेंबर २०२४ च्या नियमांनुसार आदेश लेखी हवा, प्रसिद्ध व्हायला हवा, त्यात कारण व भूभाग हवा आणि मुदत १५ दिवसांपलीकडे नको.

चौथे उत्तर तत्त्वाचे आहे. पण साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला वगळून त्याचा विचार होऊ शकत नाही. १ जुलै २०१८ रोजी आठवडे बाजारात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवर पसरलेल्या अफवेतून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांचा जीव गेला. अफवा रोखण्याची गरज खरी आहे. त्यासाठीच्या बंदीला मर्यादा असावी, हेही तितकेच खरे. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी बेमुदत बंदी अमान्य केली आणि इंटरनेटवरून व्यापार करण्याला घटनेचे संरक्षण असल्याचे सांगितले. बंदीतल्या नुकसानीची तारीखवार नोंद ज्याच्याकडे आहे, त्याच्या तक्रारीला वजन येते. तेव्हा तयारी आणि विरोध एकमेकांच्या आड येत नाहीत.

मग तयारी कशाची? मुख्यतः अधिकाराची. फोन लागत नसताना कोणी काय आणि किती रकमेपर्यंत ठरवायचे, हे एका कागदावर लिहून गल्ल्याजवळ असावे. मालकाला विचारल्याशिवाय गाडी न सोडण्याची रीत त्या दिवशी सर्वांत महाग पडते. केळीच्या सौद्यात आधीच ठरवावे की भाव न कळल्यास शेवटच्या कळलेल्या भावाने माल निघेल आणि फरक मागून मिटेल. जिनिंगवाल्याने ई-वे बिलाच्या पोर्टलवर दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला उप-वापरकर्ता करून ठेवावे. आदेश भूभागापुरता असतो. धुळे बंद असताना सुमारे ९० किलोमीटरवरचे जळगाव चालू असू शकते. ई-वे बिल वाहतूकदार किंवा माल घेणाराही काढू शकतो, तेही आधी बोलून ठेवावे. हमाल-मापाड्यांच्या मजुरीपुरती रोकड, सह्यांचा अधिकार असलेल्या दोघांकडे चेकबुक आणि रोज संध्याकाळी छापलेली येण्या-देण्याची यादी एवढ्यावर दोन-तीन दिवस निघतात. डेटा बंद असला तरी कॉल चालू असल्यास *९९# वरून पैसे पाठवता येतात.

वर्षातून एकदा अर्धा दिवस डेटा बंद ठेवून हे सारे करून पाहावे. सेवा परत आल्यावर पहिले काम नव्या सौद्यांचे नसते. कागदावरचे व्यवहार तारखेनुसार वहीत चढवायचे, राहिलेले फरक मिटवायचे आणि मग दुकान नेहमीसारखे चालू करायचे.